चौदा फरश्यांपलीकडचं रान

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे, आणि यंदा मी आयुष्यात पहिल्यांदा हिवाळा पाहिला.

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. तुम्ही दरवर्षी स्वेटर घालता, शेकोटीजवळ बसता. पण आम्हा कूलरांचं तसं नसतं. होळी झाली की आम्हाला उठवतात आणि आभाळ भरून आलं की झोपवतात. चार महिने घरघर करायची आणि आठ महिने अंगावर जुनं लुगडं पांघरून कोपऱ्यात पडून राहायचं. इतकं झोपल्यावर माणूसही स्वप्नाळू होईल, मी तर पत्र्याचा. मला झोपेत पाण्याची स्वप्नं पडतात. पाणी वर चढतं, गवताच्या ताट्यांमधून झिरपत खाली येतं, पुन्हा वर चढतं. एवढंच स्वप्न, पण मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

माझा जन्म नांदेडचा. सटवाजी नावाच्या कारागिराने मला घडवलं. पत्रा कापणं, वाकवणं, ठोकणं, सगळं ते एकटे करत. मला जोडून झाल्यावर त्यांनी माझ्या टाकीत गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. संध्याकाळी खाली हात फिरवून पाहिला. हात कोरडा निघाला. मग खडूने माझ्या पाठीवर लिहिलं, 'गळत न्हाई'. ती माझी पहिली शाबासकी. खडू केव्हाच पुसला गेला, पण मी अजून गळत नाही, हे मी जरा अभिमानानेच सांगतो.

निलंग्याचे नागप्पा भांड्यांचा माल घ्यायला नांदेडला आले होते. त्यांनी भांडं तपासावं तशी माझ्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "आवाज खणखणीत हाय." झालं, मी एसटीच्या टपावर चढून निलंग्याला आलो. भांड्यांच्या दुकानामागेच त्यांचं घर होतं. तिथे दारातच त्यांच्या बायकोने, गुरम्माने, मला अडवलं.

"हे काय आणलाव? रानात लिंबाखाली हवा कमी हाय का, की ही डब्यातली घ्यायची?"

गुरम्माचा नव्या गोष्टीवर असा चटकन विश्वास बसत नसे. दुकान नवऱ्याचं, पण गावाकडचं सहा एकर रान तिचं होतं. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नागप्पांचं, पण तिथल्या प्रत्येक ढेकळाला ओळखत होती ती. रोज सकाळच्या गाडीने जायची, उन्हं चढली की परत यायची. पहिले आठ दिवस ती माझ्याकडे पाठ करून बसली. नवव्या दिवशी ज्वारीच्या राशीवरून तापून आली, माझ्यासमोर भुईवरच आडवी झाली आणि दिवे लागेपर्यंत उठली नाही. त्यानंतर ती जागा तिची झाली. शेजारपाजारचे यायचे, 'नागप्पाचा कूलर लई गार' म्हणायचे, आणि मी आणखी जोराने घरघरायचो. टंचाईच्या एका वर्षी मात्र तिने मला थेंबभर पाणी दिलं नाही. माझ्या पोटात ज्वारीची बोचकी ठेवली. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

मग नागप्पा गेले. दुकान त्यांचा मुलगा मल्लिनाथ पाहू लागला. घरात भिंतीवरचा पांढरा, गुळगुळीत एसी आला. त्याच्याविषयी मी वाईट बोलणार नाही, पण तो पाणी पीत नाही, आणि जो पाणी पीत नाही त्याच्याशी आमचं जमत नाही. मला गच्चीवर नेऊन ठेवलं. पाच वर्षं मी तिथे होतो. माझ्या पंख्यात कबुतरांनी तीनदा घर केलं. मला उठवायला कुणी येत नव्हतं, म्हणून मी उन्हाळ्यातही झोपून राहिलो, आणि मित्रांनो, सक्तीची झोप फार वाईट असते. तिच्यात स्वप्नंही पडत नाहीत.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी माझ्या अंगावरचं लुगडं ओढलं. डोळे उघडतो तर समोर मल्लिनाथ. पन्नाशीचा झाला होता, केस विरळ झाले होते. त्याने बापासारखीच टिचकी मारली. "अजून खणखणीत हाय की," तो म्हणाला.

मला वाटलं, उन्हाळा आला. पण वारा थंड होता, आणि मला बैठकीत न नेता दुकानाच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत ठेवलं. पूर्वी तिथे पितळेच्या घागरी रचलेल्या असत. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथे खाटेवर गुरम्मा पडलेली होती. किती लहान झाली होती ती!

काय घडलं होतं ते मला घरातल्या बोलण्यावरून कळलं. श्रावणात ती न्हाणीत पडली. मांडीचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं, हाडही जुळलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता रोज चाललं पाहिजे. नाही चाललं तर पाय आखडतील आणि मग ही खाट कायमची. पण गुरम्मा उठायलाच तयार नव्हती. तिच्यासाठी आणलेल्या चकचकीत वॉकरवर घरातल्या लोकांचे टॉवेल वाळत होते.

"अव्वा, चार पावलं तर टाक," मल्लिनाथ रोज विनवायचा.

"कुठं जायाचंय मला? रान दहा मैलावर हाय. हितं काय न्हाणीपतूर जायाला चालू?"

याला उत्तर दिलं मल्लिनाथच्या मुलीने, सृष्टीने. ती लातूरला शेतकीच्या कॉलेजात शिकते. तिथे तिने मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर आणि दिव्यांच्या उजेडात भाजी पिकवायला शिकून घेतलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, अज्जी रानात जात नसंल तर रानच घरात आणू."

असा मी परत कामाला लागलो. पण काम वेगळंच होतं. माझा पंखा नुसता खोलीतली हवा हलवायला. खरं काम माझ्या टाकीचं. नुसता पत्रा असता तर गंजाने पाणी बिघडलं असतं, म्हणून आतून निळं प्लास्टिक बसवलं. पाण्यात झाडांचं खत विरघळवलं. माझाच पंप ते पाणी वर चढवायचा, भिंतीवरच्या पांढऱ्या पाइपांमधून ते सावकाश वाहायचं आणि परत माझ्या पोटात यायचं. पाइपांना भोकं, भोकांत बुडाला छिद्रं पाडलेले प्लास्टिकचे पेले, पेल्यांत नारळाचा भुसा आणि त्यात मेथी, पालक, कोथिंबिरीचं बी. वर गुलाबी जांभळे दिवे. मित्रांनो, माझं जुनं स्वप्नच ते. पाणी वर चढतं, झिरपत खाली येतं, पुन्हा वर चढतं. मी डोळे मिटून घरघरत राहिलो.

मल्लिनाथ मात्र जागाच होता बिचारा. भांडं वाजवून ते चिरलेलं आहे की नाही हे तो सांगू शकत होता, पण रोपाला काय झालं आहे हे त्याला कळेना. त्याने आयुष्यात कधी खुरपं धरलं नव्हतं. पहिल्या खेपेला त्याने खत दुप्पट घातलं, लेकराला जबरदस्तीने जेवू घालावं तसं. पानांच्या कडा करपल्या. दुसऱ्या खेपेला टाकीचं झाकण उघडं ठेवलं. दिव्यांचा उजेड पाण्यावर पडला आणि माझं पोट शेवाळाने हिरवं झालं. सृष्टी फोनवरून समजावायची, तो वहीत लिहून घ्यायचा. पाण्यातलं खत मोजायचं यंत्र बुडवून आकडे पाहायचा. वीज गेली की तांब्याने एकेका पाइपात पाणी ओतत उभा राहायचा.

खाटेवरून गुरम्माची टीका चालू असायची.

"मल्ल्या, किती दिवस झाले पाण्याला पाणी घालायलास? आन हे गुलाबी दिवे कशाला? वरात निघायलीय का कुणाची?"

"अव्वा, तिसऱ्या पेरणीची मेथी उगवली. येऊन तर बघ."

"मातीबिगर उगवलंय ते. त्याला मी रान म्हनत न्हाई."

तिच्या खाटेपासून माझ्यापर्यंत चौदा शहाबादी फरश्या होत्या. मल्लिनाथने त्या किती वेळा मोजल्या असतील कोण जाणे. मीही मोजल्या. तिने ह्या चौदा फरश्या चालाव्यात, एवढंच त्याला हवं होतं. भाजी हे नुसतं निमित्त होतं.

आणि मग येळवस आली. तुमच्यापैकी जे लातूरकडचे आहेत त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांना सांगतो, कारण मला स्वतःलाच ती यंदा कळली. आजवरच्या सगळ्या येळवशी मी झोपेत काढल्या होत्या. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे गावंच्या गावं रिकामी होऊन रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा करतात. मग ज्वारीचं पीठ ताकात शिजवून केलेली, लसूण घातलेली आंबील गडूत घेऊन रानाच्या चारही अंगांनी हिंडतात आणि पिकावर शिंपडतात. पीक हे घरचंच माणूस, त्याला आधी पाजायचं, मग आपण जेवायचं. सत्तर वर्षांत गुरम्माची एकही येळवस चुकली नव्हती.

"औंदा माझी येळवस सरली," ती सकाळी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मल्लिनाथची बायको महानंदा आणि सुट्टीला आलेली सृष्टी आंबिलीचं मडकं घेऊन गावाकडे गेल्या. मल्लिनाथ आईपाशी थांबला. दुपारी त्याने तिच्यासमोर ताट मांडलं. पालेभाज्या आणि कडधान्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर आणि आंबिलीचा गडू.

"ह्या भज्जीत मेथी कुठली?" तिने वासावरूनच विचारलं.

त्याला खोटं बोलता येत नाही. "आतली हाय, अव्वा. आपल्या खोलीतली."

तिने भज्जीची वाटी ताटाबाहेर ठेवली. उंडा खिरीत बुडवून खाल्ला. मल्लिनाथ उठला आणि दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसला. मला त्याचं फार वाईट वाटलं. तीन महिने त्या माणसाने माझ्या पोटात हात घालून काढले होते.

घर शांत झालं. रस्ताही शांत होता, सगळं निलंगा रानात गेलं होतं. नुसता माझ्या पाण्याचा आवाज येत होता. मला डुलकी लागली असावी, कारण पहिल्यांदा मला वाटलं की हे स्वप्नच आहे. कुणीतरी वॉकरवरचे टॉवेल एकेक करून खाटेवर टाकत होतं.

ठक. एक फरशी. मग बराच वेळ काहीच नाही. ठक. दुसरी.

गुरम्मा येत होती! वॉकरच्या दांडीला पिशवी अडकवलेली, पिशवीत आंबिलीचा गडू. पाचव्या फरशीवर ती थांबली, तिला घाम फुटला होता. मला वाटलं, आता पडेल. माझ्यात पंखा होता, पण तिला वारा घालायचा तर माझं तोंड दुसरीकडे होतं. असा राग मला माझ्या पत्र्याचा कधी आला नव्हता. नववी. दहावी. गडूतली आंबील हिंदकळून फरशीवर सांडत होती. चौदावी फरशी ओलांडून ती गुलाबी उजेडात उभी राहिली.

बराच वेळ ती नुसती पाहत होती. पाइपभर मेथी डोलत होती, खाली पांढऱ्याशुभ्र शेवयांसारखी मुळं पाण्यात लोंबत होती. तिने एक पान खुडलं, बोटांत चुरगळलं, हुंगलं आणि तोंडात टाकलं.

"कडू हाय," ती स्वतःशीच म्हणाली. "मेथीच हाय की."

मग तिने कोथिंबिरीची एक काडी आंबिलीत बुडवली आणि पाइपांवर शिंपडू लागली. आंबील शिंपडताना रानात म्हणतात ते बोल हळू, दबक्या आवाजात म्हणू लागली, "ओलगे ओलगे, सालम पलगे." चारही अंगांनी हिंडणं काही तिला शक्य नव्हतं. तिने जागेवरूनच चारी दिशांना थेंब उडवले. गडूत अर्धी आंबील उरली. तेव्हा तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने माझ्या पत्र्यावरून हात फिरवला.

"तू व्हय रे? त्यांनी आणलेला. लई राबलास बाबा. घे, तूबी पी."

आणि माझं झाकण सरकवून तिने उरलेली सगळी आंबील माझ्या टाकीत ओतली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पाण्यावाचून कुणी काही पाजलं नव्हतं. आंबट, गार, लसणाची आंबील. तिने काय केलं आहे हे मला माहीत होतं. त्या पाण्यात खताखेरीज काहीही गेलं तर मुळं कुजतात, हे सृष्टीने माझ्यासमोर दहा वेळा सांगितलं होतं. पण मला ओरडता येत नाही. आणि खरं सांगू? ओरडता आलं असतं तरी मी त्या क्षणी ओरडलो नसतो.

ती आली तशी परत गेली. टॉवेल वॉकरवर ठेवले आणि कुणाला काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात फेस आला आणि खोलीत घाण सुटली. मल्लिनाथला वाटलं, कुठे उंदीर मेला असेल. त्याने एक पेला उचलून पाहिला, तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. दुसरा पेला तसाच. मेथीने माना टाकल्या होत्या. त्याने टाकीत हात घातला, नाकाशी नेला आणि तसाच थांबला. लसणाचा वास! मग त्याची नजर खाली गेली. फरशीवर वाळलेले पांढरे थेंब होते, दारापासून थेट माझ्यापर्यंत, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना वॉकरच्या रबराचे काळे ठिपके.

तो माझ्याशेजारी खालीच बसला. हसत होता की रडत होता, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. त्याने सृष्टीला फोन लावला.

"सृष्टी, पीक गेलं सगळं."

"कामून? काय झालं, पप्पा?"

"अज्जीनं आंबील पाजली त्याला."

"म्हंजे... अज्जी आत आली? चालून?"

"हाव."

मग सृष्टी म्हणाली, "टाकी धुऊन घ्या, पप्पा. पीक महिन्यात परत येतंय."

एवढ्यात पलीकडून हाक आली. "मल्ल्या, कसला वास सुटलाय रे? माझं रान कसं हाय?"

माझं रान! मल्लिनाथने फोन खाली ठेवला. त्याला खोटं बोलता येत नाही हे मी आधीच सांगितलं आहे. तो दारात गेला आणि म्हणाला, "अव्वा, ह्या पिकाला आंबील सोसली न्हाई. तू ये, बघ."

या वेळी ती त्याच्या देखत चौदा फरश्या चालली. त्याने तिला हात दिला नाही, नुसता बाजूने चालत राहिला, ओठ घट्ट मिटून. तिने कुजलेली मुळं हातात घेतली. तिचा चेहरा उतरला.

"म्या मारलं व्हय रे ह्याला?"

"तुला कुनी सांगितलंच नव्हतं, अव्वा. चूक माझी हाय."

"सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का?" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम रानातला झाला. "उभा काय ऱ्हायलास? उपट सगळं. बी किती उरलंय? आन मला बसाया काहीतरी दे."

स्टूल आलं. गुरम्माने बाह्या सरसावल्या आणि माझ्या पोटात हात घातला. निळं प्लास्टिक काढून, घासून, उन्हात टाकायला लावलं. पंपाची जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यातून साफ केली. घासता घासता पुटपुटत होती, "तुझं पोट बिघडवलं म्या. औंदा तुला साधं पानीच." मग तिने पेल्यांत बी टाकायला घेतलं. मल्लिनाथ चिमटीने मोजून टाकायचा, ती नुसती बोटं चोळायची आणि बी बरोबर पडायचं. त्या दिवशी आई शिकत होती आणि मुलगाही शिकत होता. मी मधे बसून ऐकत होतो.

आता होळी जवळ आली आहे. यंदा मला कुणी उठवायला नको, मी जागाच आहे. माझ्यासाठी गवताच्या नव्या ताट्या आल्या आहेत. बाहेर ऊन तापलं तरी आतली पालेभाजी गार राहावी हे माझं उन्हाळ्याचं काम. गुरम्मा सकाळ-संध्याकाळ रानात येते. हो, ती तसंच म्हणते. मल्लिनाथने माझ्याशेजारी गावाकडची माती भरून एक कुंडी ठेवली आहे. पुढच्या येळवशीला आंबील तिच्यात शिंपडायची, असं मायलेकांचं ठरलं आहे.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्याही गच्चीवर, माळ्यावर कुणीतरी जुनं लुगडं पांघरून पडलं असेल. कधीतरी ते ओढून पाहा, एक टिचकी मारा. आणि घरात कुणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याला नुसतं 'चाल' म्हणू नका. त्याला जायला काहीतरी द्या. आम्हाला विश्रांती नको असते. आमची वाट पाहणारं काहीतरी हवं असतं.

आत्ताच गुरम्माने नव्या मेथीची पहिली जुडी खुडली. दोन्ही हातांत मावेना इतकी. "महानंदे, परात आन गं!" अशी हाक मारत ती जुडी छातीशी धरून निघाली. चौदा फरश्या ओलांडून खाटेपाशी पोहोचली, बसली आणि निवडायलाही लागली. वॉकर इथेच राहिला, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

तो माझ्याशेजारी उभा आहे. नवा आहे, त्याला झोपायची सवय नाही. मी त्याला पाण्याचा आवाज ऐकवतो आहे.